हवेत दणकट, धावपट्टीवर हळवं: जायरोप्लेन आणि उड्डाणाच्या वेळचा वाऱ्याचा झोत

हलक्या जायरोप्लेनच्या अपघातांचे अहवाल वाचायला घेतले की एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: उड्डाण करताना अचानक वाऱ्याचा झोत आला आणि वैमानिकाचा ताबा सुटला. वाक्य खरं असतं, पण अर्धवट असतं. कारण हेच यंत्र 300 मीटर उंचीवर असताना तसाच झोत आला, तर आतल्या माणसाला जेमतेम एक हिसका जाणवतो. झोतांच्या हवेत उडायला जायरोप्लेनसारखं दुसरं छोटं यंत्र नाही, असं ते उडवणारे अभिमानाने सांगतात आणि त्यात तथ्य आहे. मग जमिनीवरून उठतानाच्या त्या वीस-तीस सेकंदांतच ते इतकं हळवं का होतं? हे नीट समजलं, तर बरेचसे अपघात झोत येण्याच्या आधीच थांबवता येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी यंत्राची ओळख. डोक्यावर दोन लांब पात्यांचा रोटर, पाठीशी ढकलणारा प्रोपेलर, शेपटीला रडर, खाली तीन चाकं. लांबून हेलिकॉप्टरचं भावंड वाटतं, पण दोघांत मूलभूत फरक आहे. हेलिकॉप्टरचा रोटर इंजिन फिरवतं. जायरोप्लेनचं इंजिन उडताना फक्त प्रोपेलर फिरवतं आणि रोटर फिरतो तो हवेवर. फिरणाऱ्या पात्यांची मिळून जी चकती दिसते, ती थोडी मागे कललेली असते. यंत्र पुढे जातं तशी हवा चकतीच्या खालून शिरते, वरून बाहेर पडते आणि जाता जाता पाती फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. इंजिन बंद पडलं तरी रोटर फिरतच राहतो, आणि म्हणूनच हे यंत्र सुरक्षित मानलं जातं.

पण याची दुसरी बाजूही आहे. रोटरला लागणारी ऊर्जा हवेतून यायची आणि तिला यायला वेळ लागतो. रोटर जमिनीवर थांबलेला असताना ते यंत्र म्हणजे लांबलचक, लवचिक पाती डोक्यावर घेतलेली तीनचाकी गाडी असते, आणि उडताना ते विमान असतं. या दोन अवस्थांच्या मधला पट्टा पार केल्याशिवाय उड्डाण होत नाही, आणि झोतांचे बहुतेक अपघात या पट्ट्यातच होतात.

दोन पाती, दोन वेगळे वेग

रोटर गोल फिरतो आणि यंत्र सरळ पुढे जातं. त्यामुळे एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं, तर दुसऱ्या बाजूचं वाऱ्यासोबत मागे येतं. पहिल्याला हवेचा वेग जास्त मिळतो, दुसऱ्याला कमी. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. साहजिकच एक बाजू जास्त उचलली जाते.

स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाला हे फार लवकर भोगावं लागलं. 1919 मध्ये त्याने बनवलेलं मोठं विमान कमी वेगात स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल एकदम तुटून, कोसळलं, तेव्हा कमी वेगातही न कोसळणारं यंत्र बनवायचं त्याने मनावर घेतलं. 1920 पासूनची त्याची पहिली रोटरवाली यंत्रं मात्र नीट उडण्याआधीच एका बाजूला कलंडत. पात्यांना बिजागरी बसवून त्यांना वर-खाली हलायची मोकळीक द्यायची, हा उपाय त्याला सापडला, आणि जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळच्या गेताफे इथे त्याचं सी.4 यंत्र उडालं. मोकळीक असली की चाल करून जाणारं पातं वर उठतं. वर उठताना त्याचा हवेशी होणारा कोन कमी होतो आणि जास्तीची उचल आपोआप छाटली जाते. मागे येणारं पातं खाली जातं, त्याचा कोन वाढतो आणि उणी असलेली उचल भरून निघते. आजच्या हलक्या जायरोप्लेनमध्ये ही दोन्ही पाती एकाच सलग पट्टीसारखी जोडून मधोमध एका आडव्या पिनवर टेकवलेली असतात, सी-सॉसारखी: एक टोक वर गेलं की दुसरं तेवढंच खाली.

ही तडजोड उत्तम चालते, पण एका अटीवर: रोटर पुरेसा वेगाने फिरत असला पाहिजे. ही अट किती कडक आहे ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही, तेव्हा एक साधं गणित करू.

समजा रोटरचा व्यास 8.4 मीटर आहे. दोन आसनांच्या यंत्रांत साधारण एवढाच असतो. उडताना तो मिनिटाला 350 फेरे घेतो असं धरलं, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 555 किलोमीटर होतो. यंत्राचा हवेतला वेग ताशी 60 असेल तर चाल करून जाणाऱ्या टोकाला 615 मिळतात आणि मागे येणाऱ्याला 495. वर्ग केला तर एका टोकाची ताकद दुसऱ्याच्या दीडपट. एवढा फरक पिन सहज पचवते.

आता तोच रोटर मिनिटाला फक्त 100 फेरे घेतोय आणि यंत्राचा हवेतला वेग तोच 60 आहे असं समजा. टोकाचा स्वतःचा वेग ताशी 158 किलोमीटर. एका बाजूला 218, दुसऱ्या बाजूला 98. वर्गाचं गुणोत्तर जवळपास पाचपट. एवढंच नाही, मागे येणाऱ्या पात्याच्या मुळाकडच्या एक तृतीयांशाहून जास्त भागात हवा उलट्या बाजूने, म्हणजे मागच्या कडेकडून पुढे वाहते. तो भाग उचल देण्याच्या कामाचा राहत नाही.

आणि याच क्षणी समोरून ताशी 20 किलोमीटरचा जादा झोत आला तर? 100 फेऱ्यांच्या रोटरवर पाचपटीचा फरक नऊपटीच्या पुढे जातो. 350 फेऱ्यांच्या रोटरवर तोच झोत फरक 1.5 वरून 1.8 वर नेतो, बस्स. झोत दोघांना एकच मिळाला, पण एका रोटरचं काही बिघडलं नाही आणि दुसरा उधळला.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ही पाती लांब, अरुंद आणि लवचिक असतात. त्यांना ताठ ठेवतो तो फिरण्यातून येणारा बाहेरचा ताण, आणि तोही फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 100 फेऱ्यांना तो 350 फेऱ्यांच्या तुलनेत बाराव्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणजे ताठरपणाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा पाती सर्वांत सैल असतात.

स्टिक हातात आपटायला लागते तेव्हा

पात्यांच्या या उधळण्याला ब्लेड फ्लॅपिंग किंवा ब्लेड सेलिंग म्हणतात. ते कसं घडतं ते जवळून पाहू.

धावपट्टीच्या तोंडाशी थांबून वैमानिक प्री-रोटेटर लावतो. ही इंजिनाची ताकद तात्पुरती रोटरला देणारी व्यवस्था. सुरुवातीच्या काळात सिएर्वाच्या यंत्रांचा रोटर दोर गुंडाळून माणसं ओढून फिरवत, आणि 1950 च्या दशकात इगोर बेन्सेनने लोकप्रिय केलेल्या छोट्या जायरोकॉप्टरवर तो हातानेच ढकलून सुरू करत. आता यंत्राने तो 200 फेऱ्यांच्या आसपास नेता येतो. पण उडायला लागणारे उरलेले शे-दीडशे फेरे हवेनेच द्यायचे असतात. त्यासाठी प्री-रोटेटर सोडायचा, स्टिक, म्हणजे चकती कलवणारा हातातला दांडा, पूर्ण मागे ओढायची म्हणजे चकती मागे कलते, ब्रेक सोडायचे आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, बेताने वाढवत धावायचं. चकतीतून हवा जाते, रोटर वेग घेतो, पुढचं चाक हलकं होऊन उचलतं.

घाई होते ती इथेच. प्री-रोटेटर 200 वर न नेता 140-150 वर सोडला, किंवा सोडल्यानंतर रांगेत उभं राहून रोटर मंदावला, आणि मग थ्रॉटल एकदम पूर्ण दिलं. यंत्र हलकं आणि इंजिन जोरदार, त्यामुळे चाकं भराभर वेग घेतात. रोटरच्या फेऱ्या मागे राहतात. त्यात समोरून झोत आला, तर हवेतला वेग एका क्षणात आणखी वाढतो.

पहिली खूण स्टिकमध्ये येते. ती हातात थरथरते आणि लगेच आपटायला लागते. रोटरच्या दर फेऱ्याला पाती आपल्या हालचालीच्या मर्यादेवर, म्हणजे थांब्यावर दोनदा ठोकली जातात. 150 फेऱ्यांना ते सेकंदाला पाच ठोके झाले. चाल करून जाणारं पातं वर उधळतं, पण त्याचा उच्चांक पाव फेरा पुढे, यंत्राच्या समोर येतो. त्यामुळे चकतीची पुढची कड वर उठते आणि मागची खाली येते. मागे आहेत प्रोपेलर आणि रडर. पातं रडरला लागू शकतं, प्रोपेलरला लागू शकतं, किंवा सरळ जमिनीवर आपटतं. पहिल्या थरथरीपासून तिथवर पोचायला दोन-तीन सेकंद पुरतात.

या वेळी काय करायचं ते उड्डाण प्रशिक्षणाच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं असतं: स्टिक पुढे, थ्रॉटल कमी, यंत्र मंद. स्टिक पुढे केली की चकती सपाट होते आणि तिच्यात घुसणारी हवा घटते. थ्रॉटल कमी केलं की दोन्ही बाजूंच्या वेगांतली तफावत वाढायची थांबते. वाचायला सोपं आहे, पण माणसाची उपजत प्रतिक्रिया नेमकी याच्या उलट असते. उड्डाणासाठी मन तयार झालेलं असतं, धावपट्टी भराभर मागे पडत असते आणि वाटतं की जरा वेग घेतला की सगळं सुरळीत होईल. विमानात ते खरंही ठरतं. इथे मात्र वेग हाच रोग आहे. मला तर वाटतं, जायरोप्लेन शिकायला येणाऱ्या अनुभवी विमान वैमानिकाला नवशिक्यापेक्षा जास्त जपायला हवं. त्याच्या हातात मुरलेल्या सवयी वर्षानुवर्षांच्या असतात आणि या एका जागी त्या नेमक्या उलट्या पडतात.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. समोरचा वारा उड्डाणाला चांगला, हे सगळे शिकतात आणि ते बरोबर आहे. पण तुमच्यासमोर ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर यंत्र जागेवर उभं असतानाही रोटरच्या दृष्टीने ते 30 च्या वेगाने धावतंय. चाकांचा वेग डोळ्यांना दिसतो, हवेचा वेग रोटरला कळतो. जोराच्या वाऱ्यात रोटर मंद असताना स्टिक सरसकट पूर्ण मागे ओढणं धोक्याचं ठरू शकतं ते यामुळेच. हात हळू चालवायचा आणि फेऱ्या वाढतील तशी चकती उघडत न्यायची.

उठलं, पण उडालं नाही

दुसऱ्या प्रकारच्या अपघातात रोटरचं काहीच चुकलेलं नसतं. फेऱ्या पुरेशा असतात, यंत्र जमीन सोडतं, आणि दहा सेकंदांत धावपट्टीच्या कडेला आडवं पडलेलं असतं.

जायरोप्लेन स्टॉल होत नाही हे खरं. पण त्यावरून ते कितीही कमी वेगात उडू शकतं असं समजणं चूक. वेग कमी झाला की चकती जास्त मागे कलवून उचल टिकवावी लागते आणि कललेली चकती हवेला प्रचंड अडथळा करते. सर्वांत कमी ताकदीत उडता येतं तो वेग अनेक यंत्रांत ताशी 80-90 किलोमीटरच्या आसपास असतो. त्याहून हळू जायचं तर उलट जास्त ताकद लागते. वैमानिकांच्या बोलीत याला पॉवर कर्व्हच्या मागे असणं म्हणतात. ताशी 55-60 च्या आसपास नाक उंच ठेवून यंत्र जमिनीवरून उठतं खरं, पण तेव्हा इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद तरंगत राहण्यातच खर्ची पडते. वर चढायला किंवा वेग वाढवायला शिल्लक काही राहत नाही. जमिनीला अगदी लगटून असताना हवेचा थोडा आधार मिळतो, ज्याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. तो दोन-चार मीटर वर गेलं की झपाट्याने कमी होतो.

आता झोत कसा फसवतो बघा. चाकांचा वेग ताशी 40, समोरचा वारा झोतात 25. हवेतला वेग 65 झाला आणि यंत्र उठलं. दोन सेकंदांत झोत ओसरला, वारा 10 वर आला. चारशे-पाचशे किलो वजनाचं यंत्र जमिनीच्या हिशोबाने तेवढ्या वेळात वेग वाढवू शकत नाही. तेव्हा हवेतला वेग 50. म्हणजे यंत्र झोताच्या उधारीवर उठलं होतं आणि झोताने ती उधारी परत घेतली. ते खाली बसायला लागतं. वैमानिक स्टिक मागे ओढतो, चकती आणखी कलते, अडथळा आणखी वाढतो, वेग आणखी पडतो.

त्यात थ्रॉटल पूर्ण असल्यामुळे प्रोपेलरच्या फिरण्याची प्रतिक्रिया यंत्राला एका बाजूला झुकवत असते. चाकं जमिनीवर असताना हा कल कळत नाही, चाकं सुटली की कळतो. नाक थोडं वळलेलं, अंग थोडं झुकलेलं, अशा स्थितीत यंत्र पुन्हा जमिनीला टेकतं. जायरोप्लेनची चाकं जवळजवळ असतात आणि वजन उंचावर. तिरकं टेकलं, किंवा पुढचं चाक वळलेलं असताना टेकलं, की ते कडेवर जातं. मग ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाचं पात्याचं टोक जमिनीला लागतं आणि पुढचं सगळं रोटर करतो: पाती मोडतात, रोटर पेलणारा खांब म्हणजे मास्ट वाकतो, प्रोपेलर फुटतो. वेग कमी असल्याने आतली माणसं बरेचदा पट्ट्यांमुळे वाचतात. आसपास उभ्या असलेल्यांना तुकड्यांचा धोका मोठा असतो, म्हणून प्रेक्षकांनी रोटरच्या पातळीत कधीही उभं राहू नये.

यावरचा उपाय फार जुना आहे आणि तो शिस्तीचा आहे. यंत्र उठलं की स्टिक किंचित पुढे करायची, चाकं जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर ठेवून सरळ धावायचं आणि चढाईचा वेग काट्यावर दिसेपर्यंत वर जायचं नाही. झोतांचा दिवस असेल तर त्या वेगाच्या वर आणखी थोडा वेग, साधारण झोत आणि सरासरी वारा यांत जेवढा फरक असेल तेवढा, जमवूनच नाक उचलावं असं मी म्हणेन. लांब धावपट्टी वापरायला मिळत असताना ऐटीत उंच नाकाने उठणारं जायरोप्लेन पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते देखणं दिसतं आणि रोज जमतंही, कारण झोत रोज त्याच सेकंदाला येत नाही.

आणि वेग पडलाच तर? उंची मीटरभर असेल तर यंत्र सरळ आणि समांतर ठेवायचं, पुढचं चाक सरळ, थ्रॉटल बंद आणि टेकू द्यायचं. पुन्हा उठायचा हट्ट धरायचा नाही.

बाजूने आलेला झोत

आडव्या वाऱ्याची गोष्ट थोडक्यात. उड्डाणाच्या शेवटच्या सेकंदांत यंत्राचं वजन हळूहळू रोटरवर जातं. 500 किलोपैकी 400 किलो रोटरने पेलले असतील, तर चाकांवर 100 किलोच उरतात आणि टायरची जमिनीवरची पकडही तेवढीच. या क्षणी बाजूने झोत आला तर चकती वाऱ्याच्या दिशेने पलीकडे कलते आणि तिची ओढ यंत्राला बाजूला खेचते. टायर घसरला तर नशीब, अडला तर पलीकडचं चाक बिजागरी बनतं आणि यंत्र त्यावर उलटायला लागतं. उलटण्याचा वेग एकदा जमला की स्टिक विरुद्ध बाजूला टेकवूनही ते थांबत नाही. म्हणून आडव्या वाऱ्यात स्टिक सुरुवातीपासून वाऱ्याकडे झुकवलेली ठेवतात आणि अर्धवट हलक्या अवस्थेत रेंगाळत नाहीत.

धावपट्टीच्या शेजारी हँगर, झाडांची रांग किंवा टेकाड असेल तर हा झोत ठरलेल्या जागी भेटतो. इमारतीच्या आडोशातून यंत्र बाहेर पडतं आणि मोकळा वारा एकदम अंगावर येतो. आडोशाची हवा शांत वाटते, पण तिथे भोवरे असतात. वारा मोजायचं उपकरण कुठे उभारावं याबाबत जागतिक हवामान संघटनेचा संकेत असा की ते 10 मीटर उंच असावं आणि जवळच्या अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरावर. म्हणजे 8 मीटर उंचीच्या हँगरचा त्रास 80 मीटरपर्यंत धरायला हवा. धावत जाताना आपण नेमके कुठे असताना हवेत उठणार, ती जागा या पट्ट्यात येते का, हे आधी चालत जाऊन पाहण्यासारखं आहे.

हवामानाच्या बातमीत न दिसणारा वारा

'वारा 8 नॉट', म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर, असं कळलं की सगळे निर्धास्त होतात. तो आकडा कसा तयार होतो ते माहीत असेल तर निर्धास्त व्हायला जड जाईल. विमानतळाच्या नेहमीच्या हवामान अहवालात दिलेला वारा हा आधीच्या दहा मिनिटांची सरासरी असतो. झोताचा उल्लेख साधारणपणे तेव्हाच होतो जेव्हा तो सरासरीपेक्षा 10 नॉट किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे सरासरी 8 आणि झोत 17 असला तरी अहवालात झोताचं नाव नसू शकतं. 9 नॉट म्हणजे ताशी जवळपास 17 किलोमीटर. मोठ्या प्रवासी विमानाला याचं काही वाटत नाही. ताशी 60 ला उठणाऱ्या यंत्रासाठी ती आख्खी शिल्लक आहे.

त्यामुळे मी वाऱ्याच्या जोरापेक्षा त्याच्या चढउताराला जास्त घाबरतो. अनुभवी वैमानिकाला धावपट्टीच्या रेषेत सलग 20 नॉट वाहणारा वारा एका अर्थी सोयीचा असतो: रोटर लवकर फिरतो, धाव छोटी होते. सरासरी 8 आणि अधूनमधून 17 असा वारा दिसायला सौम्य पण वागायला वाईट. तो ओळखण्याचं सर्वांत चांगलं साधन म्हणजे विंडसॉक, आणि त्याकडे एकदा नजर टाकून भागत नाही. दोन-तीन मिनिटं सलग पाहावं लागतं. कापडी नळी ताठ राहून एका दिशेला टिकून आहे, की फुगतेय, लोंबतेय, एकदम दिशा बदलतेय? धावपट्टीच्या दोन टोकांना दोन विंडसॉक असतील आणि ते दोन दिशा दाखवत असतील, तर हवेत काहीतरी शिजतंय हे नक्की.

तापलेल्या दुपारी जमिनीवरून उष्ण हवेचे लोट सुटतात आणि त्यांच्या जागी आजूबाजूची हवा धावून येते. धूळ असेल तर ही वावटळ दिसते. गवताच्या किंवा डांबराच्या धावपट्टीवर तीच वावटळ दिसत नाही, पण असते. तापलेली हवा विरळही असते, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि उठायला जमिनीवर जास्त वेग लागतो. म्हणजे ज्या वेळी झोत जास्त त्याच वेळी शिल्लक कमी. वादळी ढगातून सांडणारी थंड हवा तर पावसाच्या कितीतरी पुढे धावते. डोक्यावर ऊन असतानाही तिचा पहिला झोत धावपट्टीवर पोचू शकतो.

उठल्यानंतर वारा पाठीशी घेऊन वळलं की हवेतला वेग कमी होतो, असा एक गैरसमज आहे तोही दूर करतो. वारा स्थिर असेल तर वळल्याने हवेतला वेग कमी होत नाही. यंत्र हवेसोबतच वाहत असतं. पण पाठीमागून वारा आला की खालची जमीन भराभर सरकते, डोळ्यांना वाटतं वेग फार झाला, आणि हात नकळत स्टिक मागे घेतो. त्यातच वर जावं तसा वारा वाढत जातो, कारण जमिनीजवळ घर्षणाने तो मंद असतो; पाठीशी वारा घेऊन चढताना ही वाढ हवेतल्या वेगातून खरोखरच वजा होते. वळण उंची आणि वेग दोन्ही हाताशी आल्यावर, काट्याकडे बघून घ्यावं.

मग हवेत ते इतकं शांत कसं?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे आता येता येईल. 500 किलोच्या यंत्राच्या दोन्ही पात्यांचं मिळून क्षेत्रफळ जेमतेम पावणेदोन चौरस मीटर असतं. म्हणजे पात्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 300 किलो भार. सेस्ना 172 या प्रचलित छोट्या विमानाच्या पंखावर हा भार 70 किलोच्या आसपास. जितका भार जास्त तितका झोताने बसणारा हिसका कमी. शिवाय पाती ताशी पाचशेच्या वेगाने हवा कापत असतात, तिथे वीसचा झोत फार छोटा हिस्सा ठरतो, आणि बिजागरी उरलासुरला धक्का गिळते. ही सगळी ताकद फिरण्यातून येते. रोटर पूर्ण फेऱ्यांवर आणि यंत्र चढाईच्या वेगावर आलं, की ते त्या ताकदीचं मालक होतं. त्याआधी नाही.

सिएर्वाने 1930 च्या दशकात यावर एक थेट उपाय करून दाखवला होता. रोटर जमिनीवरच इंजिनाने गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरवायचा आणि पात्यांचा कोन एकदम वाढवून जागेवरूनच उडी घ्यायची. धावच नाही म्हटल्यावर धावतानाचा झोतही नाही. पण त्यासाठी रोटरची रचना गुंतागुंतीची, जड आणि महाग होते, म्हणून बहुतेक हलक्या यंत्रांत ती नसते.

हलक्या यंत्रांत उड्डाणाची सगळी माहिती टिपणारा रेकॉर्डरही सक्तीने नसतो. अपघातानंतर तपास करणाऱ्यांच्या हाती वैमानिकाची आठवण, एखादा कॅमेरा, जमिनीवरचे व्रण आणि काही अंतरावरच्या हवामान केंद्राचा सरासरी वारा एवढंच येतं. ब्रेक सोडताना रोटरच्या फेऱ्या किती होत्या हा सर्वांत महत्त्वाचा आकडा बरेचदा कोणाकडेच नसतो. अहवालात 'झोत' उरतो तो त्यामुळे. समोर छोटा कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येकाने तो रोटरच्या फेऱ्यांचा काटा दिसेल असा लावावा, असं मला मनापासून वाटतं. चेहऱ्याच्या चित्रीकरणापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे, आणि अपघात न होताही आपण रोज किती फेऱ्यांवर ब्रेक सोडतो ते त्यातून कळतं.

एक गोष्ट राहिली. तो धोक्याचा पट्टा उड्डाणात एकदा आणि उतरल्यावर पुन्हा एकदा, उलट क्रमाने पार करावा लागतो. चाकं टेकली, वेग संपला, वैमानिकाचा जीव भांड्यात पडला, आणि डोक्यावरचा रोटर मात्र आता मंदावत 200, 150, 100 असा खाली येतोय. या वेळी वाऱ्याकडे पाठ करून हँगरकडे भरभर निघालं, तर मागून आलेला झोत सैल पात्यांना उचलून शेपटीवर आपटू शकतो. म्हणून उतरल्यावर नाक वाऱ्याकडे ठेवून थांबायचं, स्टिक पुढे घेऊन चकती सपाट करायची, रोटर ब्रेक लावायचा आणि पाती पूर्ण थांबली की यंत्राच्या लांबीच्या रेषेत आणून अडकवायची. तोवर चालण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने हलायचं नाही आणि कोणालाही जवळ येऊ द्यायचं नाही.